निर्णायक मार्ग पद्धती

निर्णायक मार्ग पद्धती (क्रिटिकल पाथ मेथड, संक्षेपात सीपीएम) ही प्रकल्पाचे नियोजन करण्याची आणि त्याचे वेळापत्रक आखण्याची एक गणिती पद्धती आहे. या पद्धतीत प्रकल्पाची लहान लहान कार्यांत विभागणी केली जाते, कोणते कार्य कोणत्या कार्यानंतरच सुरू होऊ शकते हे निश्चित केले जाते आणि प्रत्येक कार्यास लागणारा कालावधी अंदाजला जातो. या तीन गोष्टी हाती आल्या की संपूर्ण प्रकल्प कमीत कमी किती काळात पुरा होईल आणि त्यातील कोणत्या कार्यांना जराही उशीर परवडणार नाही, हे काढता येते. प्रकल्पाच्या आरंभापासून अखेरपर्यंत जाणाऱ्या कार्यशृंखलांपैकी जिचा एकूण कालावधी सर्वाधिक असतो, तिला निर्णायक मार्ग म्हणतात. प्रकल्पाचा किमान कालावधी सर्वांत लांब शृंखलेवरून ठरतो, हे विधान प्रथम ऐकताना उलटे वाटते. परंतु सर्व शृंखला पुऱ्या झाल्याखेरीज प्रकल्प पुरा होत नाही, हे ध्यानात घेतले की त्यातील तर्क उघड होतो.

बांधकाम, जहाजबांधणी, कारखान्यांची वार्षिक देखभाल, संरक्षण साहित्याची निर्मिती, संगणक प्रणालींचा विकास अशा अनेक क्षेत्रांत ही पद्धती वापरली जाते. वाणिज्य, व्यवस्थापन आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत ती बहुधा पर्ट या भावंड पद्धतीसमवेत शिकवली जाते आणि त्यामुळे दोन्हींची सरमिसळही पुष्कळदा होते.

## पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रकल्पाचे वेळापत्रक मांडण्याचे प्रमुख साधन म्हणजे पट्ट्यांचा आलेख. पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ च्या सुमारास ‘हार्मोनोग्राम’ नावाची एक आलेखपद्धती तयार केली होती. मात्र तिचे विवरण त्याने १९३१ मध्ये आणि तेही पोलिश भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे इतर देशांत ती फारशी पोहोचली नाही. अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) याने १९१० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेला आलेख मात्र जगभर रूढ झाला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

गँट आलेखात आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या बाजूस कामांची नावे असतात. प्रत्येक कामासमोर त्याच्या आरंभापासून समाप्तीपर्यंत एक पट्टी काढली जाते. निरक्षर नसलेल्या कोणासही तो एका दृष्टिक्षेपात कळतो, हे त्याचे मोठेच बलस्थान. तथापि मूळ स्वरूपातील या आलेखावरून एक काम दुसऱ्यावर का आणि कसे अवलंबून आहे, हे समजत नाही. एखादी पट्टी आठवडाभर पुढे सरकली तर इतर कोणत्या पट्ट्या तिच्यासह सरकतील, हे आलेख सांगत नाही. ते आखणाऱ्याच्या डोक्यात असते. कामांची संख्या वीस-पंचवीस असेपर्यंत हे चालून जाते. ती शेकड्यांत गेली की आलेख भिंतीवर शोभेपुरता उरतो.

## इतिहास

### ड्यूपॉन्ट कंपनीतील आरंभ

अमेरिकेतील ड्यूपॉन्ट ही रसायननिर्मिती करणारी कंपनी १९५६ च्या अखेरीस आपल्या युनिव्हॅक संगणकाचा उपयोग अभियांत्रिकी कामांच्या नियोजनासाठी करता येईल काय, याचा शोध घेत होती. कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक उत्पादक कंपनीतील गणितज्ञ जेम्स केली यांनी त्यावर एकत्रित काम केले. कारखाना उभारताना किंवा देखभालीसाठी बंद ठेवताना वेळ आणि खर्च यांचा मेळ कसा घालावा, हा त्यांच्यापुढील मूळ प्रश्न होता. काम मागे पडले की सरसकट सर्वांनाच जादा वेळ काम करावयास लावण्याची तेव्हा रीत होती. त्यातील बहुतांश जादा खर्च व्यर्थ जातो, कारण ज्या कामांवर समाप्तीची तारीख अवलंबून नाही त्यांनाही घाई केली जाते, हे त्यांच्या लक्षात आले.

या पद्धतीचा एक गाजलेला वापर लुइव्हिल येथील कारखान्याच्या देखभालीत झाला. तेथे देखभालीसाठी उत्पादन बंद ठेवण्याचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. केली आणि वॉकर यांनी आपल्या पद्धतीविषयीचा निबंध डिसेंबर १९५९ मध्ये बॉस्टन येथील संगणक परिषदेत सादर केला. ‘निर्णायक मार्ग’ या संज्ञेचे श्रेय मात्र केली यांनी स्वतःकडे न घेता पर्ट पद्धतीच्या कर्त्यांना दिले आहे. एनिअ‍ॅक संगणकाचे एक निर्माते जॉन मॉकली यांनी त्याच सुमारास स्थापन केलेल्या सल्लागार संस्थेने या पद्धतीचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली आणि बांधकाम क्षेत्रात तिचा प्रसार वेगाने झाला.

### पर्ट आणि पोलॅरिस

जवळजवळ त्याच काळात, परंतु स्वतंत्रपणे, अमेरिकी नौदलाच्या विशेष प्रकल्प कार्यालयात ‘प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक’ अर्थात पर्ट ही पद्धती तयार होत होती. पाणबुडीतून डागावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राचे काम शेकडो कंत्राटदारांत विखुरलेले होते आणि त्यातील बरेचसे पूर्वी कोणीच केलेले नव्हते. १९५८ मध्ये विलर्ड फझार यांच्या पुढाकाराने, बूझ अ‍ॅलन अँड हॅमिल्टन ही सल्लागार संस्था आणि लॉकहीड कंपनी यांच्या साहाय्याने ही पद्धती आकारास आली. विशेष प्रकल्प कार्यालयाचे प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम रेबॉर्न होते. २० जुलै १९६० रोजी जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र यशस्वीरीत्या डागले आणि पर्टची कीर्ती सर्वत्र झाली.

ही कीर्ती कितपत रास्त होती, हा वेगळा प्रश्न आहे. राज्यशास्त्रज्ञ हार्वे सॅपोल्स्की यांनी पोलॅरिस प्रकल्पाच्या इतिहासावरील १९७२ मधील ग्रंथात असे दाखवून दिले की प्रत्यक्ष तांत्रिक कामात पर्टचा वाटा मर्यादित होता. अनेक अभियंते आपले काम पूर्वीच्याच रीतीने चालवीत होते. पर्टमुळे साधले ते मुख्यतः हे, की आमचे व्यवस्थापन अत्याधुनिक आहे अशी खात्री वरिष्ठांना आणि कायदेमंडळाला पटवता आली व बाहेरचा हस्तक्षेप दूर ठेवता आला. नियोजनाच्या तक्त्याचा असा उपयोग नंतरच्या काळात अन्यत्रही अपरिचित राहिलेला नाही.

### इतर समांतर प्रयत्न

फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी १९५८ च्या सुमारास जाळ्यावर आधारित अशीच एक पद्धती मांडली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन फाँडल यांनी १९६१ मध्ये बांधकाम व्यावसायिकांसाठी संगणकाविना हाताने करता येईल अशी मांडणी प्रसिद्ध केली. रॉय आणि फाँडल या दोघांच्याही मांडणीत कार्ये बाणांवर नव्हे तर जाळ्याच्या गाठींवर दाखवली जातात. आजच्या बहुतेक सर्व संगणक प्रणाली हीच रीत वापरतात.

## मूळ संकल्पना

प्रकल्पाचे जाळे दोन प्रकारे काढता येते. पहिल्या प्रकारात प्रत्येक कार्य म्हणजे एक बाण आणि बाणांच्या टोकांची वर्तुळे म्हणजे घटना (‘पाया पूर्ण झाला’ यांसारख्या क्षणिक अवस्था). या प्रकारात काही वेळा केवळ अवलंबन दाखवण्यासाठी शून्य कालावधीचे आभासी कार्य तुटक बाणाने काढावे लागते आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका तेथेच होतात. दुसऱ्या प्रकारात कार्य चौकटीत लिहितात व बाण फक्त अवलंबन दर्शवतात. आभासी कार्याची गरज राहत नाही. जाळ्यात चक्र असता कामा नये, हा दोन्हींचा सामायिक नियम. ‘अ’ हे ‘ब’नंतर आणि ‘ब’ हे ‘अ’नंतर, असे झाले तर दोन्ही कधीच सुरू होणार नाहीत.

आकडेमोड दोन फेऱ्यांत होते. पुढच्या मोजणीत आरंभापासून निघून प्रत्येक कार्य लवकरात लवकर केव्हा सुरू होऊ शकेल हे काढतात. जेथे अनेक कार्ये एकत्र येतात तेथे त्यांच्या समाप्तीच्या वेळांपैकी सर्वांत उशिराची वेळ घ्यावी लागते. उलट्या मोजणीत अखेरच्या तारखेपासून मागे येऊन, समाप्ती न लांबवता प्रत्येक कार्य उशिरात उशिरा केव्हा सुरू करता येईल हे काढतात. येथे जेथून अनेक शाखा फुटतात तेथे सर्वांत लवकरची वेळ घेतली जाते. या दोन आरंभवेळांतील फरकास त्या कार्याची एकूण सवड म्हणतात. ज्या कार्यांची सवड शून्य, ती निर्णायक कार्ये होत.

एकूण सवडीखेरीज मुक्त सवड अशीही एक संज्ञा आहे. आपल्यानंतरच्या कोणत्याही कार्याच्या लवकरात लवकरच्या आरंभास धक्का न लावता एखादे कार्य जितके लांबवता येते, ती त्याची मुक्त सवड. हा भेद वरकरणी किचकट वाटला तरी व्यवहारात तो फार महत्त्वाचा आहे, कारण एकूण सवड ही एका शृंखलेतील सर्व कार्यांची सामायिक ठेव असते. पहिल्याने ती खर्च केली की पुढच्यांना काही उरत नाही.

## उदाहरण: साखर कारखान्याची हंगामपूर्व देखभाल

महाराष्ट्रातील साखर कारखाने साधारणतः उन्हाळ्यापासून पुढील गळीत हंगाम सुरू होईपर्यंत बंद असतात व याच काळात यंत्रांची उतरवाउतरव आणि दुरुस्ती केली जाते. हंगामाच्या तोंडावर बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि त्यानंतर गव्हाणीत उसाची मोळी टाकण्याचा समारंभ होतो. ड्यूपॉन्टच्या देखभालीशी जातकुळी जुळणारे हे काम असल्याने ते उदाहरण म्हणून सोयीचे आहे. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले असून प्रत्यक्षात कार्यांची संख्या कित्येक पटींनी मोठी असते.

| कार्य | वर्णन | पूर्ववर्ती कार्य | दिवस |
|---|---|---|---|
| अ | यंत्रे थंड करून सफाई व पाहणी | – | १० |
| ब | मिलचे रोलर उतरवणे | अ | ८ |
| क | रोलर कार्यशाळेत पाठवून नवे कवच चढवून आणणे | ब | ४५ |
| ड | रोलर बसवणे व जुळवणी | क | १२ |
| इ | बॉयलरच्या खराब नळ्या बदलणे | अ | ४० |
| फ | बॉयलरची दाबचाचणी व निरीक्षकाची तपासणी | इ | १५ |
| ग | बाष्पीभवन पात्रांच्या नळ्यांची सफाई व दुरुस्ती | अ | ३० |
| ह | संपूर्ण कारखान्याची चाचणी | ड, फ, ग | ६ |

या जाळ्यात आरंभापासून अखेरपर्यंत तीन मार्ग आहेत. मिलचा मार्ग (अ–ब–क–ड–ह) ८१ दिवसांचा, बॉयलरचा मार्ग (अ–इ–फ–ह) ७१ दिवसांचा आणि बाष्पीभवन पात्रांचा मार्ग (अ–ग–ह) ४६ दिवसांचा. निर्णायक मार्ग मिलचा असून प्रकल्पाचा कालावधी ८१ दिवस आहे. ‘ग’ची सवड ३५ दिवस. ‘इ’ व ‘फ’ या दोन्हींची एकूण सवड १० दिवसच आहे. परंतु ‘इ’ची मुक्त सवड शून्य आहे. नळ्या बदलण्यात दहा दिवस वाया गेले तर तपासणीसाठी काहीच मोकळीक राहत नाही, आणि तपासणीची तारीख तर कारखान्याच्या हाती नसते. म्हणून तक्त्यात दोन्ही कार्यांपुढे ‘सवड १०’ असे वाचून दोन्ही विभागप्रमुख निश्चिंत झाले, तर दोघांचीही समजूत चुकीची असते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की निर्णायक मार्गावरील सर्वांत लांब कार्य, म्हणजे रोलरवर कवच चढवणे, हे कारखान्याच्या आवाराबाहेर चालते. पाहणी करणाऱ्याला आवारात सर्वाधिक लगबग बॉयलरवर दिसेल. तारीख मात्र दूरच्या एखाद्या ओतशाळेत ठरत असेल.

## खर्च आणि कालावधी यांचा मेळ

केली आणि वॉकर यांचा मूळ हेतू केवळ तारखा काढण्याचा नव्हता. जादा मजूर, जादा पाळी किंवा महाग पुरवठादार वापरून बहुतेक कार्ये काही मर्यादेपर्यंत आटोपशीर करता येतात; त्यास क्रॅशिंग म्हणतात. दुसरीकडे प्रकल्प जितके दिवस चालतो तितके दिवस देखरेख, भाडे, व्याज असा अप्रत्यक्ष खर्च होतच राहतो. दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी, तो इष्टतम कालावधी.

वरील उदाहरणात अप्रत्यक्ष खर्च दररोज ३०,००० रुपये आहे असे समजू. ‘क’ एक दिवसाने कमी करण्यास २०,००० रुपये लागतात व ते जास्तीत जास्त १५ दिवसांनी घटवता येते. ‘अ’साठी हा दर २५,००० रुपये असून मर्यादा २ दिवस आहे. ‘इ’साठी दर १२,००० रुपये आहे. दर सर्वांत कमी म्हणून ‘इ’पासून आरंभ करण्याचा मोह होतो, पण ‘इ’ निर्णायक मार्गावर नसल्याने त्यावर खर्चलेला प्रत्येक रुपया वाया जाईल. प्रथम ‘क’ १० दिवसांनी घटवावे. कालावधी ७१ दिवसांवर येतो. येथे बॉयलरचा मार्गही निर्णायक बनतो, त्यामुळे ‘क’ आणखी ५ दिवस घटवले तरी तारीख हलत नाही. यानंतर ‘अ’ हे दोन्ही मार्गांस सामायिक असल्याने ते २ दिवसांनी घटवणे फायद्याचे ठरते. ६९ दिवसांच्या खाली जावयाचे तर ‘क’ आणि ‘इ’ दोन्ही एकाच वेळी घटवावी लागतील. त्यांचा एकत्रित दर ३२,००० रुपये, म्हणजे बचतीपेक्षा जास्त. तेथे थांबावे. निव्वळ बचत १,१०,००० रुपये होते.

लहान जाळ्यात हे हाताने जमते. मोठ्या जाळ्यासाठी केली यांनी आणि स्वतंत्रपणे डी. आर. फुल्करसन यांनी १९६१ मध्ये गणिती रीती प्रसिद्ध केल्या. त्या रेषीय प्रायोजन व जाळ्यांतील प्रवाहाच्या सिद्धांतावर आधारित आहेत.

या हिशेबात अप्रत्यक्ष खर्च कोणाचा धरावयाचा, हा प्रश्न गणिताबाहेरचा आहे. हंगाम दहा दिवस लांबला तर कारखान्याच्या वहीत व्याज आणि पगार दिसतात. शेतात उभ्या असलेल्या उसाचे वजन, रिकामे होऊ न शकलेले रान आणि उचल घेऊन बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबासह आलेल्या ऊसतोड मजुरांचे कामाविना गेलेले दिवस त्या वहीत येत नाहीत. इष्टतम कालावधी हा नेहमी कोणाच्या तरी हिशेबातील इष्टतम असतो.

## अनिश्चितता आणि पर्ट

सीपीएममध्ये प्रत्येक कार्याचा कालावधी एकच ठाम आकडा असतो. पूर्वानुभव असलेल्या कामांत हे योग्य आहे. पर्टमध्ये मात्र तीन अंदाज घेतले जातात: सर्व काही सुरळीत झाल्यास लागणारा आशावादी काळ, सर्वाधिक संभाव्य काळ आणि प्रतिकूल परिस्थितीतील निराशावादी काळ. संभाव्य काळास चारपट भार देऊन तिन्हींची बेरीज सहाने भागली की अपेक्षित काळ मिळतो. निराशावादी आणि आशावादी काळांतील फरकाचा सहावा भाग हे प्रमाण विचलन धरले जाते.

रोलरच्या कामाचे अंदाज ३६, ४२ आणि ६६ दिवस असतील तर अपेक्षित काळ (३६ + १६८ + ६६) ÷ ६ = ४५ दिवस आणि प्रमाण विचलन ५ दिवस येते. अपेक्षित काळ संभाव्य काळापेक्षा तीन दिवसांनी अधिक आहे, कारण कामे बिघडण्यास जितका वाव असतो तितका सुधारण्यास नसतो. मार्गावरील सर्व कार्यांची प्रचरणे (प्रमाण विचलनांचे वर्ग) मिळवून संपूर्ण मार्गाचे प्रचरण काढतात. ‘क’चे २५ आणि उर्वरित चार कार्यांचे मिळून ११ धरल्यास एकूण ३६, म्हणजे प्रमाण विचलन ६ दिवस. यावरून मिलचा मार्ग ८१ दिवसांत पुरा होण्याची शक्यता सुमारे ५० टक्के आणि ८७ दिवसांत पुरा होण्याची सुमारे ८४ टक्के निघते. ८१ दिवसांची तारीख जाहीर करणारा व्यवस्थापक नाणे उडवून बोलत असतो, हे यातून स्पष्ट होते.

पर्टवरील प्रमुख आक्षेप १९६० च्या दशकातच घेतले गेले. के. आर. मॅक्रिमन आणि सी. ए. रायाव्हेक यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गृहीतकांतील दोष तपासले. सर्वांत गंभीर दोष मार्ग एकत्र येण्याच्या ठिकाणी उद्भवतो. समान लांबीचे दोन स्वतंत्र मार्ग एकाच घटनेत मिळत असतील आणि प्रत्येक वेळेत पुरा होण्याची शक्यता निम्मी असेल, तर दोन्ही वेळेत पुरे होण्याची शक्यता पावच उरते. पर्ट केवळ एका मार्गाकडे पाहत असल्याने त्याचा अंदाज सातत्याने आशावादी राहतो. यावर उपाय म्हणून आता संगणकावर यादृच्छिक आकडे घेऊन प्रकल्प हजारो वेळा ‘घडवून’ पाहिला जातो. त्यास माँटे कार्लो अनुकरण म्हणतात.

## मनुष्यबळाची मर्यादा

मूळ पद्धतीत एक मोठे गृहीतक दडलेले आहे: लागेल तेव्हा लागेल तितके मनुष्यबळ व साधने उपलब्ध आहेत. वरील उदाहरणात ‘इ’ आणि ‘ग’ ही दोन्ही नळ्यांची कामे दहाव्या दिवसानंतर एकाच वेळी सुरू होतात. कारखान्याकडे अशा कामाची एकच टोळी असेल तर ती एकामागून एक करावी लागतील. ‘ग’ लहान म्हणून ते आधी केले तर बॉयलरची तपासणी ९५ व्या दिवशी संपते आणि प्रकल्प १०१ दिवसांवर जातो. ‘इ’ आधी केले तर ‘ग’ ८० व्या दिवशी संपून प्रकल्प ८६ दिवसांत पुरा होतो. एकाच टोळीच्या कामाचा क्रम बदलल्याने पंधरा दिवसांचा फरक पडतो. दोन्ही वेळा ज्या मिलच्या मार्गाला निर्णायक म्हटले होते तो आता निर्णायक राहिलेला नाही, आणि ३५ दिवसांची सवड असलेले ‘ग’ पहिल्या पर्यायात सर्वांना अडवणारे, तर दुसऱ्यात थेट निर्णायक ठरले आहे.

साधनांच्या मर्यादेत सर्वोत्तम वेळापत्रक शोधणे हा गणिती दृष्ट्या अत्यंत अवघड प्रश्न आहे आणि मोठ्या प्रकल्पांत व्यवहारी नियमांवरच भागवावे लागते. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ व लेखक एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये ‘क्रिटिकल चेन’ (निर्णायक साखळी) ही संकल्पना मांडली. तीत अवलंबन आणि साधने या दोहोंचा विचार करून सर्वांत लांब साखळी शोधतात. प्रत्येक कार्याच्या अंदाजात लपवलेली जादा वेळ काढून घेऊन ती अखेरीस एकत्रित राखीव म्हणून ठेवतात. उपलब्ध वेळ भरून निघेल इतके काम फुगते, हे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये उपहासाने मांडलेले निरीक्षण या विचारामागे आहे. आपल्या अंदाजातून कापलेला वेळ वरिष्ठ पुन्हा मागणार नाहीत, असा विश्वास संघात नसेल तर ही पद्धती टिकत नाही.

## भारतातील वापर

भारतात मोठ्या सार्वजनिक बांधकामांच्या कंत्राटांत जाळ्यावर आधारित कार्यक्रम सादर करण्याची अट सामान्यतः असते. केंद्र शासनाच्या १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांच्या प्रगतीवर सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय देखरेख ठेवते; विलंब आणि वाढीव खर्च हा त्या अहवालांचा कायमचा विषय आहे.

पश्चिम किनाऱ्यावर कॅलेंडर हाच निर्णायक घटक ठरतो. कोकणात मातीकाम आणि पुलांच्या पायाची कामे पावसाळ्यात जवळपास थांबतात. मे अखेरीस संपावयाचे पायाचे काम पंधरा दिवस लांबले तर विलंब पंधरा दिवसांचा न राहता चार महिन्यांचा होऊ शकतो. लावणीच्या दिवसांत स्थानिक मजूर शेतीकडे परततात, हेही वेळापत्रकात धरावे लागते. संगणक प्रणालींत कार्यदिवसांची दिनदर्शिका भरण्याची सोय असते. ती मूळ परदेशी स्वरूपातच राहू देणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

रोहा ते मंगळुरूजवळील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग हे या संदर्भात अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९९० मध्ये महामंडळाची स्थापना झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. सुमारे नव्वद बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल असलेल्या या मार्गाची कामे अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू करण्यात आली. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे मार्गावरील सर्वांत लांब. परंतु अखेरपर्यंत खोळंबा केला तो त्याहून बऱ्याच लहान अशा गोव्यातील पेडणे बोगद्याने. तेथील भुसभुशीत, पाण्याने भरलेली माती वारंवार कोसळत राहिली. लांबीवरून कालावधीचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे येथे दिसते. गोव्यातील मार्गाच्या आखणीविरुद्ध झालेल्या आंदोलनामुळेही काम काही काळ थांबले होते; अशा विलंबासाठी बाणांच्या जाळ्यात चौकट नसते. महामंडळाचे पहिले अध्यक्ष ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत समाप्तीस उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे लावली होती. ही प्रथा त्यांनी पुढे दिल्ली मेट्रोतही नेली.

## सवडीची मालकी

कंत्राटी कामांत निर्णायक मार्ग हा केवळ तांत्रिक विषय राहत नाही. विलंब झाल्यास मुदतवाढ मिळणार की दंड भरावा लागणार, हे बहुधा विलंबित कार्य निर्णायक मार्गावर होते काय यावर ठरते. मालकाने नकाशे वीस दिवस उशिरा दिले, पण त्या कामाला तीस दिवसांची सवड होती, तर कंत्राटदारास मुदतवाढ मागता येते का? सवड प्रकल्पाची असते आणि जो आधी वापरील त्याची, असे एक मत आहे; ब्रिटनमधील बांधकामविधी संस्थेच्या २००२ मधील आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक संहितेत करारात अन्यथा तरतूद नसल्यास हीच भूमिका घेतलेली आहे. परिणामी सवड दिसूच नये म्हणून कालावधी फुगवून लिहिण्याकडे कंत्राटदारांचा कल असतो. कधी दोन्ही पक्षांचे विलंब एकाच काळात घडतात, तेव्हा लवादापुढे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकाच प्रकल्पाचे दोन वेगळे निर्णायक मार्ग सादर करतात, आणि जाळे पुरेसे गुंतागुंतीचे असेल तर दोन्ही मार्ग सकृद्दर्शनी बरोबर दिसतात.

म्हणूनच काम चालू असताना वेळापत्रक ठरावीक अंतराने अद्ययावत करून प्रत्येक आवृत्ती जपून ठेवण्यास महत्त्व आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००८ मध्ये ओरॅकलने विकत घेतलेल्या प्रायमाव्हेरा कंपनीची प्रणाली तसेच १९८४ पासून उपलब्ध असलेली मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही यासाठी सर्रास वापरली जाणारी साधने आहेत. हजारो कार्यांची पुढची आणि उलटी मोजणी ती काही क्षणांत करतात. ‘क’ला पंचेचाळीस दिवस लागतील हा आकडा मात्र त्यांना कोणीतरी भरून द्यावा लागतो, आणि तो देण्यापूर्वी ओतशाळेतील फोरमनला विचारलेले असावे लागते.